डोंगराचे सहा गठ्ठे

मी अरविंद नाकती. चौतीस वर्षं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. लोकांना माझी आठवण दोनच वेळा यायची, कागद हरवला की आणि कागद सापडत नसला की. सापडलेल्या कागदाबद्दल कुणी चहा पाजल्याचं मला आठवत नाही. तरी छातीठोकपणे सांगतो, माझ्या काळात त्या खोलीतून एकही मूळ कागद बाहेर गेला नाही. साहेब येवो की आमदार येवो, नक्कल मिळेल, मूळ मिळणार नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याइतका मी नम्र नाही.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि २०४२ सालच्या दिवाळीनंतर मला डोंगरकान केंद्रातून बोलावणं आलं. सह्याद्रीतल्या दरडी कधी कोसळणार ते आधी सांगणारं हे केंद्र. तिथं कंत्राटी अभिलेखपाल हवा होता. "एवढे शहाणे संगणक असताना तुमच्यासारखा खडूस माणूस कशाला?" असं बायकोनं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

उत्तर एका नव्या नियमात होतं. यंत्राच्या अंदाजावरून एखादी वाडी हलवायची असेल, तर तोच अंदाज आधी दुसऱ्या गावच्या परक्या माणसानं, परक्या यंत्रावर, पहिल्या नोंदीपासून पुन्हा करून पाहायचा. उत्तर तेच आलं तरच हुकूम निघायचा. याला पुनर्चालन म्हणायचे. त्याआधी यंत्रं फटाफट उत्तरं द्यायची, पण ते उत्तर आलं कुठून असं विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघायचे. आता विचारणारा परका माणूस असल्यामुळे, काय कुठे ठेवलंय हे त्याला न सांगता कळायला हवं होतं. तिथं माझी गरज लागली.

केंद्रातल्या विश्लेषणाची प्रमुख होती डॉ. ईश्वरी मोकल. वय एकोणतीस, अलिबागकडची, बोलणं तिखट. पहिल्याच दिवशी तिनं मला पिंपळकोंड नावाच्या वाडीचं फोल्डर उघडून दाखवलं. आत तीनशे अकरा फायली होत्या. त्यांची नावं मी वाचत गेलो. अंतिम. अंतिम नवीन. अंतिम खरंच. जुने पण लागेल. ईश्वरी हेच घे. मध्येच तिच्या भाचीच्या बारशाचे फोटो.

"मॅडम, यातलं अंतिम कुठलं?" मी विचारलं.

"ते मला माहीत असतं ना, काका."

"आणि तुम्ही उद्या रजेवर गेलात तर?"

"तरबेजला विचारायचं."

तरबेज म्हणजे केंद्राचा विश्लेषण करणारा प्रोग्रॅम. काम खरोखर तरबेज, पण मोठा आगाऊ. कचरा वाटला की विचारल्याशिवाय झाडून टाकायचा आणि वर सांगायचा की जागा वाचवली. अशा हुशार कारकुनांनीच कचेऱ्या बुडतात हे मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं आहे.

आता डोंगर बोलतो कसा ते सांगतो. लाकडी फळी मोडण्याआधी कुरकुरते, तसाच खडकही सुटण्याआधी आतून तडकत असतो. दर तड्याला एक टिचकी वाजते, पण ती इतकी बारीक असते की आपल्या कानांना ऐकू येत नाही. पिंपळकोंडच्या वरच्या डोंगरात वीस मीटर खोल पोलादी सळया ठोकलेल्या होत्या. टिचकी सळईतून वर यायची आणि वरचं यंत्र तिची वेळ नोंदवायचं. धोका जवळ आला की टिचक्या वाढतात, आणि दोन टिचक्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. ते अंतर कागदावर मांडलं, तर बहुतेक वेळा एक सरळ रेष खाली उतरताना दिसते. ती रेष शून्याला जिथं टेकेल, ती डोंगर सुटायची वेळ. एवढंच शास्त्र. मला ते पहिल्या आठवड्यात कळलं, कारण ईश्वरी मॅडम शिकवायला उत्तम होती. फायलींना नीट नावं देणं तेवढं तिला जमत नव्हतं.

मग मी माझं शास्त्र काढलं. सरकारी कचेरीत सहा गठ्ठे पद्धत असते. टेबलावरचं काम सहा गठ्ठ्यांत वाटायचं, म्हणजे कुठलाही कागद कुठल्या गठ्ठ्यात ते आंधळ्यालाही सांगता येतं. आमचे गठ्ठे वेगळे होते, पण आकडा मी तोच ठेवला. पहिलं फोल्डर मूळ. सळईतून आलं तसं तिथं जाऊन बसणार, आणि त्याला कुलूप. वाचता येईल, पण एक अक्षरही बदलता येणार नाही, तरबेजला तर नाहीच. दुसरं नक्कल. जी काय साफसफाई करायची ती हिच्यावर. तिसरं कृती, म्हणजे आकड्यांवर काय काय करायचं ते सांगणारे प्रोग्रॅम, करायच्या क्रमानं नंबर घातलेले. चौथं निष्कर्ष. हे सगळं उद्या जळालं तरी मला दुःख नाही, कारण मूळ आणि कृती असली की ते पुन्हा तयार होतं. पाचवं रोजनामा, म्हणजे कोणी काय केलं, का केलं, आणि वाडीतून काय कळलं. सहावं यादी, त्यात सळयांची ठिकाणं आणि वाडीतली माणसं. आणि या सगळ्यांच्या दारात एक पान, त्याचं नाव 'आधी हे वाचा'.

हे लावायला मला पाच आठवडे लागले. पोरं हसली. एकानं माझ्या खुर्चीवर जुन्या दप्तरासारखा लाल फडक्यात बांधलेला कीबोर्ड ठेवला. मी फडकं घरी नेलं, चांगलं होतं.

खरं भांडण उन्हाळ्यात झालं. त्यामागची गोष्ट मी येण्याच्या आधीची. आदल्या गणपतीत पिंपळकोंडच्या टिचक्या एकाएकी वाढल्या होत्या. केंद्रानं धावपळ करून, ऐन गौरीच्या दिवशी, सगळी वाडी खाली आणली. डोंगर जागचा हलला नाही. नंतर कळलं की अंगणात जाखडी चालू होती. गोल धरून चाळीस-पन्नास पाय रात्रंदिवस आपटत होते आणि सळया ते इमानानं मोजत होत्या. वाडीतल्या बायका गौर तशीच सोडून आल्या होत्या. त्यांनी ईश्वरीला जे ऐकवलं ते तिच्या मनाला फार लागलं. म्हणून तिनं एक गाळणी लिहिली. गणपतीचे दिवस आले की नाचासारखं जे जे वाटेल ते तरबेजनं गाळून टाकायचं. गाळणी सुरेख होती आणि जुन्या नोंदींवर अगदी बरोबर चालली.

संचालकांनी पुढची पायरी सुचवली. गाळलेलं जर नाचच आहे, तर मूळ ठेवायचं कशाला? जागा खातंय. महिन्याच्या महिन्याला पुसून टाका. प्रस्तावावर ईश्वरीची सही होती.

मी शेरा मारला: 'मूळ नोंदी अ वर्ग, कायम जतन. पुसता येणार नाहीत.' आणि कुलपाची किल्ली माझ्याकडेच ठेवली.

ती तरातरा माझ्या टेबलाशी आली. "काका, तुम्हाला डोंगराचं काही पडलेलं नाही. तुम्हाला फक्त तुमचे गठ्ठे सांभाळायचेत!"

"हो," मी म्हणालो. "मला तेवढंच येतं."

हे बोललो खरा, पण संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही. पोरीचं खरं असेल तर? चौतीस वर्षं मी कागदांची राखण केली ती माणसांसाठी, की नुसती खोड म्हणून? संचालक माझं कंत्राट वाढवणार नव्हते हेही मला कळत होतं. ते मी मनावर घेतलं नाही. तिचं बोलणं मात्र घेतलं.

त्या वर्षीच्या गणपतीचा पाचवा दिवस. तीन आठवडे झड लागून डोंगर भिजलेला. सकाळी साडेआठला मी नेहमीप्रमाणे ताळा घेत होतो. मूळमध्ये टिचक्या किती, नक्कलमध्ये उरल्या किती, गाळल्या किती, आणि कारण काय. पिंपळकोंडचा ताळा बिनचूक जुळत होता. मूळ एक्केचाळीस हजार सहाशे बारा, उरल्या दोनशे नव्वद, बाकीच्या गाळलेल्या. कारण, नाच. तरबेजनं खाली शेरा दिला होता, डोंगर शांत. गणपतीचेच दिवस असल्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही. मी सही केली.

तेवढ्यात मनीषा उतेकरचा फोन आला. पिंपळकोंडमधली आमची माणूस, सळयांवर लक्ष ठेवणारी.

"काका, रविवारी ते ड्रोन का काय ते पाठवू नका हां. आबांचं दहावं हाय, समदी नदीवर असनार."

"बरं," म्हणून मी रोजनामा उघडला. वरच, आठवड्यापूर्वीची, माझ्याच हातची नोंद होती. 'पिंपळकोंड. धोंडू बाळू उतेकर, वय ८८, वारले. सर्व वाडी एकाच भावकीची. सुतक. यंदा गणपती नाही.'

मी ती नोंद दोनदा वाचली. मग ताळ्याकडे बघितलं. एक्केचाळीस हजार पावलं कोण टाकत होतं?

माझे गुडघे दुखतात, तरी मी ईश्वरीच्या खोलीपर्यंत पळत गेलो. तिनं ऐकलं आणि क्षणभर तिला रागच आला. "काका, गणपती नसला तरी पोरं नाचत असतील. हल्ली कोण पाळतं?"

"विचारा," मी फोन पुढे केला.

"मनीषाताई, काल वाडीत जाखडी होती का? थोडी तरी? पोरासोरांची?"

"काय बोलताय मॅडम," मनीषाचा आवाज चढला. "सुतकात कोन नाचतंय? औंदा घरात साधी आरती न्हाय. आठ दिस वाडीत मोठ्यानं कुनी बोललेलं न्हाय."

ईश्वरीनं फोन खाली ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मूळ आहे ना, काका?" तिनं विचारलं.

"आहे. पहिल्या टिचकीपासून."

तिनं गाळणी बंद करून मूळपासून सगळं पुन्हा चालवलं. सहा मिनिटं लागली. पडद्यावर रेष आली, सरळ, पाच दिवस खाली उतरत आलेली. ती शून्याला टेकत होती दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते अकराच्या दरम्यान. त्या डोंगराखाली एकोणतीस घरं होती.

आता तिच्यापुढे पेच होता. गाळणी बंद का केली हे परक्या माणसाला कळायला हवं, आणि ते लिहायचं म्हणजे आपल्याच हातानं आपली चूक लिहायची. 'तांत्रिक कारणास्तव' असा एक गुळगुळीत शब्द आहे. माझ्या कचेरीत त्यावर कित्येकांच्या नोकऱ्या तरल्या. ईश्वरीनं रोजनामा उघडला आणि लिहिलं: 'गाळणी मी लिहिली. सण आहे म्हणजे नाच असणारच, असं मी गृहीत धरलं. वाडीत सुतक आहे हे रोजनाम्यात असून मी वाचलं नाही. चूक माझी. ईश्वरी मोकल, सकाळी ९.२१.' लिहिताना ती थांबली नाही, कुणाकडे बघितलं नाही. मला मूलबाळ नाही. पण आपल्या लेकराबद्दल ऊर भरून येतो म्हणतात ते काय असतं, ते मला त्या मिनिटाला कळलं.

पुनर्चालन करणारा परका माणूस चिठ्ठ्या टाकून निवडायचे; या वेळी चिठ्ठी निघाली भुसावळची. तिथल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या रुबिना तडवी. त्यांनी पिंपळकोंडचं नाव कधी ऐकलं नव्हतं, आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. नियमाप्रमाणे त्यांना मदत करायची नाही, एक शब्द सांगायचा नाही. फोल्डर पाठवायचं आणि गप्प बसायचं. अशा कामांना तोवर दोन-तीन दिवस लागत. परका माणूस चाचपडत विचारायचा, ही फाईल कुठली, ही आधी चालवू की ती. इथंच घोडं पेंड खायचं. आणि आमच्याकडे एक दिवसही पुरता नव्हता.

आम्ही समोरासमोर बसून राहिलो. ईश्वरी नखं खात होती. मी मनात एकेक गठ्ठा उघडून बघत होतो. कृतीतले नंबर बरोबर आहेत का? दारातल्या पानावर गाळणीबद्दलची ओळ आहे का? या पाच आठवड्यांच्या कामावर एकोणतीस घरं टांगलेली आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा पुरतं समजलं.

अडतिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"उत्तर तेच येतंय," रुबिना तडवी म्हणाल्या. "उद्या सकाळी सात ते अकरा. मी सही पाठवलीय. रोजनामाही वाचला, गाळणी बंद करणं बरोबर आहे." मग त्यांनी विचारलं, "हे फोल्डर कुणी लावलंय हो? मला कुठंच अडायला झालं नाही."

"आमच्या नाकतीकाकांनी," ईश्वरी म्हणाली. मी चष्मा पुसत बसलो. चष्मा स्वच्छच होता.

दुपारी साडेबाराला प्रांतसाहेबांचा हुकूम निघाला आणि दोनला आम्ही पिंपळकोंडात होतो. बॅटरीवरच्या दोन एस.टी. खाली रस्त्यावर थांबल्या होत्या. माणसं अंगणात जमली, पण कुणी हलायला तयार नव्हतं. गेल्या साली ज्यांची गौर राहिली, त्या ताराबाई उतेकर पुढे झाल्या.

"पुन्ना आलात? त्या टायमाला सनात पळवलंत, आता सुतकात पळवताय? सुतकात दुसऱ्याच्या दारात जायाचं नसतं, ठावं हाय का?"

"शाळेत जायचंय, आजी," मी म्हणालो. "शाळा म्हणजे काही कुणाचं घर नव्हे."

"आनि डोंगर न्हाय आला म्हंजे?"

ईश्वरी पुढे झाली. "आजी, गेल्या वर्षी मी तुमच्या नाचाला डोंगर समजले. ती माझी चूक. मग तसं पुन्हा होऊ नये म्हणून जे केलं, त्यानं या वर्षी मी डोंगराला नाच समजले. तीही माझीच. पण आज हे मी एकटी सांगत नाही. भुसावळच्या एका बाईंनी, ज्यांना ना मी माहीत ना तुम्ही, त्यांनी सगळं पहिल्यापासून करून बघितलं. त्यांचंही उत्तर तेच आलं. डोंगर नाही आला तर मी उद्या याच अंगणात येऊन उभी राहते, मग तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घेते."

ताराबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "चूक झाली म्हनून सांगनारा साहेब मी पयल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या आणि मागे वळून ओरडल्या, "चला गं, शेरडं सोडा."

साडेपाचला सगळे खालच्या गावातल्या शाळेच्या मैदानात होते. मी यादीचा छापील कागद काढला. यादीत एकशे सत्तेचाळीस नावं. मनीषानं डोकी मोजली. एकशे सेहेचाळीस. पुन्हा मोजली. तेवढीच.

ईश्वरी बॅटरी घेऊन वर जायला निघालीसुद्धा. "कोण राहिलंय? नावं वाचा, काका, मी तोवर जीप काढते!"

मी घसा फोडून वाचू लागलो. घरोघरचे हात वर होत होते. बावन्नाव्या नावाला हात आला नाही. "धोंडू बाळू उतेकर!" मी ओरडलो. "धोंडू बाळू! कुणी पाहिलं का यांना?"

मग मनीषा हळूच म्हणाली, "काका, आबा तर गेलं न्हवं का."

कचेरीतलं सगळ्यात जुनं पाप माझ्या हातून झालं होतं. फेरफार नोंदवला आणि सातबारावर मयताचं नाव तसंच. रोजनाम्यात मृत्यू लिहिला, यादीला हात लावला नाही. दुसऱ्यांच्या अशा चुकांवर मी आयुष्यभर नाकानं कांदे सोलले, आणि त्या संध्याकाळी ईश्वरी माझ्या चुकीपायी डोंगराखाली जायला निघाली होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक माझी." पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं, मग बायका हसल्या, आणि हसता हसता आबांच्या सुनेनं पदर तोंडाला लावला. ईश्वरी जीपमधून उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी डोंगर आला. आधी झाडं उभीच्या उभी खाली सरकताना दिसली, आवाज मागून पोचला. एकोणतीस घरं होती तिथं लाल माती आली आणि ओल्या मातीची वाफ बराच वेळ वर चढत राहिली. मैदानात एकशे सेहेचाळीस माणसं उभी होती. काही रडत होती. आपलं घर डोळ्यांदेखत जातं तेव्हा जीव वाचल्याचा आनंद लगेच होत नाही, आणि होऊही नये. पण ताराबाईंनी ईश्वरीचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तो त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही.

दुपारी मी शाळेच्या ओट्यावर यादी घेऊन बसलो. मनीषा चहा घेऊन आली.

"आबांचं नाव काढताय?"

"काढायला हवं."

"ऱ्हाऊ द्या की, काका," ती म्हणाली. "आबा गेलं म्हनून सुताक आलं. सुताक आलं म्हनून तुमाला कळलं. न्हायतर आमी नाचत असतो अंगनात. त्यांनीच खाली आनलं समद्यांना."

मी कारकून माणूस, असल्या बोलण्यात पडत नाही. पण तिला खोटं पाडायला माझ्याकडे एकही कागद नव्हता.

"मनीषाताई, रेकॉर्डात कधी खोडायचं नसतं," मी तिला सांगितलं. "रबर लावायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही. एकच रेघ मारायची, बारीक. खालचं नाव वाचता आलं पाहिजे. शंभर वर्षांनी परका माणूस आला तरी त्याला कळलं पाहिजे, इथं कोण होतं."

तिनं मान हलवली. मी पट्टी ठेवली, रेघ मारली, बाजूला तारीख घालून सही केली. मग तो कागद तिच्याकडे फिरवला.

"वाच," मी म्हणालो.

"धोंडू बाळू उतेकर," तिनं वाचलं.